धुरीण आणि राजकारणी यांत नेमका फरक काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकारणाविषयीच्या गप्पांत "आता पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत" हे वाक्य हमखास येते. पूर्वीच्या माणसांत असे काय होते, असे विचारले की उत्तर बहुधा साधेपणा, वक्तृत्व किंवा खादीपाशी येऊन थांबते. येथील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्राच्या आणि थोडी गोव्याच्या उदाहरणांवरून दिली आहेत, कारण त्या निर्णयांचे परिणाम आपण रोज अनुभवत असतो.

"धुरीण" हाच शब्द का? "मुत्सद्दी" का नाही?

"मुत्सद्दी" हा शब्द दरबाराच्या वाटेने मराठीत आला. मोगलांच्या काळी सुरत बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत, आणि पेशवाईत तलवार चालवणारे ते सरदार व लेखणी चालवणारे ते मुत्सद्दी अशी ढोबळ विभागणी रूढ झाली. आजही "मोठा मुत्सद्दी आहे" असे म्हणताना आपल्या सुरात कौतुकाबरोबर थोडी सावधगिरी असते, कारण हा माणूस आपला डाव कळू देणार नाही हे आपण गृहीत धरलेले असते. ही चतुराई धुरीणाजवळ असावीच लागते, पण ती असलेला प्रत्येक जण धुरीण ठरत नाही. "धुरीण" म्हणजे धुरा वाहणारा, मानेवर जू घेतलेला. त्यात ओझ्याची कल्पना आहे, म्हणून तो शब्द येथे घेतला आहे. "राष्ट्रपुरुष" हा शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण तो उच्चारला की चर्चा लगेच पुतळा कोठे बसवायचा याकडे वळते.

राजकारणी पुढच्या निवडणुकीचा विचार करतो आणि धुरीण पुढच्या पिढीचा, ही व्याख्या पुरेशी नाही का?

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन धर्मोपदेशक जेम्स फ्रीमन क्लार्क यांच्या नावावर असलेले हे वाक्य आपल्याकडच्या सत्कार समारंभांत इतक्या वेळा ऐकू येते की त्याची धार बोथट झाली आहे. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की जो पुढच्या निवडणुकीचा विचारच करत नाही, त्याला पुढच्या पिढीसाठी काही करण्याची संधी मिळत नाही. निवडणूक जिंकणे हे धुरीणाचेही काम आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पुढच्या पिढीला आज मत नसते, त्यामुळे तिच्या नावाने कोणीही काहीही बोलले तरी ती खोडून काढू शकत नाही. धरण, महामार्ग, स्मारक, कर्ज, जमीन संपादन, सारे काही "भावी पिढ्यांसाठी" असल्याचे जाहीर करता येते आणि ते तपासण्याची वेळ येते तेव्हा घोषणा करणारा निवृत्त झालेला असतो.

मग नेमका फरक कशात शोधावा?

आपल्याकडे "पदरमोड" असा एक नेमका शब्द आहे. सार्वजनिक कामासाठी स्वतःच्या गाठीचे खर्च करणे म्हणजे पदरमोड. राजकारणी माणसाच्या गाठीला पैसा असो वा नसो, त्याची खरी पुंजी निराळी असते: लोकांचा विश्वास, पक्षातील वजन, पद आणि नाव. सामान्य राजकारणी ही पुंजी वाढवत राहतो आणि ती पुन्हा निवडून येण्यासाठी वापरतो, म्हणजे मिळकत पुन्हा मिळकतीतच गुंतवतो. धुरीणही आधी हीच पुंजी मिळवतो, अगदी तशाच खटपटी करून मिळवतो. मात्र एखाद्या क्षणी ती अशा कामावर खर्च करतो की ज्याचा लाभ इतरांना होणार आणि तोटा त्याला होणार हे त्याला स्वतःला आधीच ठाऊक असते.

इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे उदाहरण या बाबतीत उघडे आहे. धान्याच्या आयातीवर जबर कर लादणारे कायदे म्हणजे त्यांच्या पक्षातील जमीनदारांचा जीव की प्राण. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक गेले आणि दुष्काळ पडला, तेव्हा १८४६ मध्ये पील यांनी विरोधकांची मते घेऊन ते कायदे रद्द करवले. ज्या रात्री ते विधेयक वरिष्ठ सभागृहात संमत झाले, त्याच रात्री कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या एका विधेयकावर स्वपक्षातील नाराजांनी विरोधकांशी हातमिळवणी करून त्यांचे सरकार पाडले. पक्ष फुटला आणि पील पुन्हा पंतप्रधान झाले नाहीत.

हा गुण माणसाला चिकटलेला नसतो, त्याच्या एखाद्या निर्णयात दिसतो, ही गोष्ट येथेच सांगून ठेवलेली बरी. एकाच माणसाच्या हयातीत धुरीणाला शोभणारे दोन निर्णय आणि राजकारण्याला शोभणारे वीस निर्णय सापडतात. आपण मात्र माणसाला एकदा पदवी बहाल केली की त्याच्या सगळ्याच निर्णयांना ती लावत सुटतो.

आपल्याकडील एखादे उदाहरण जवळून पाहता येईल का?

यशवंतराव चव्हाण यांची १९५५ ते १९६० ही पाच वर्षे पाहावीत, कारण त्यांत दोन्ही बाजू दिसतात. संयुक्त महाराष्ट्राची मागणी ऐरणीवर असताना, १९५५ च्या अखेरीस फलटण येथे त्यांनी जाहीर केले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंची निवड करू. हे विधान महाराष्ट्राच्या जिव्हारी लागले. त्यांची "सूर्याजी पिसाळ" अशी संभावना झाली, आणि मराठी माणसाला यापेक्षा जड शिवी क्वचितच सापडेल. पुढच्या वर्षी मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले, तेव्हा ते पद म्हणजे फलटणच्या विधानाचे बक्षीस आहे, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे सोपे नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला आणि खुद्द यशवंतराव कराडमधून निसटत्या मतांनी निवडून आले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते आणि समितीने प्रचंड निदर्शने ठरवली होती. साध्या हिशेबाने चालणाऱ्या मुख्यमंत्र्यासमोर दोन सोप्या वाटा होत्या: निदर्शकांना वाटेतच अडवून दिल्लीला खूश करावे, किंवा कार्यक्रमच पुढे ढकलून सुटका करून घ्यावी. प्रत्यक्षात निदर्शने झाली आणि कार्यक्रमही झाला. वाई आणि पसरणी घाटाच्या बाजूला जमलेला काळ्या निशाणांचा समुदाय नेहरूंनी डोळ्यांनी पाहिला, आणि कोठेही गोळी चालली नाही. या शांततेचे श्रेय समितीच्या नेत्यांना निम्म्याहून अधिक द्यावे लागेल. पण ज्या मुख्यमंत्र्याला हे निदर्शक शिव्या घालत होते, त्याने त्यांचा आवाज पंतप्रधानांच्या कानी पडू दिला, हेही नोंदवायला हवे. त्यानंतरच्या दोन वर्षांत द्वैभाषिक चालणार नाही हे त्यांनी दिल्लीतील श्रेष्ठींच्या गळी उतरवले, आणि हे करताना स्वतःच्याच आधीच्या भूमिकेवर पाणी सोडले.

महाराष्ट्राचा मंगल कलश यशवंतरावांनी आणला की समितीने, हा वाद साठ वर्षे उलटली तरी संपलेला नाही. माझे मत असे की शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताशिवाय तो कलश हललाच नसता. त्याच वेळी हेही खरे की दिल्लीच्या माजघरापर्यंत जाऊन तो उचलून आणायला आतला माणूस लागत होता. डांग आणि उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि बेळगाव-कारवारचा प्रश्न तसाच राहिला, याचा हिशेबही त्याच खात्यावर मांडावा लागतो.

त्याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. मग यशवंतराव धुरीण कसे?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला जातो आणि तो रास्त आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री आणि कुलाबा मतदारसंघाचे खासदार असलेले देशमुख यांनी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. लोकसभेत त्यांनी मांडलेली भूमिका केवळ प्रादेशिक नव्हती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्या राजीनाम्याने मराठी माणसाची मान उंचावली आणि दिल्लीला प्रश्नाचे गांभीर्य कळले.

दोघांच्या पदरमोडीची जात निराळी होती. देशमुखांनी पद खर्च केले आणि नाव राखले. यशवंतरावांनी पद राखले आणि नाव खर्च केले. राजीनामा देणाऱ्याला टाळ्या तात्काळ मिळतात, आत राहून खटपट करणाऱ्याला त्या मिळतीलच याची खात्री नसते, आणि आत राहण्याच्या सबबीखाली खुर्ची उबवणारेही पुष्कळ असतात. म्हणून आत राहिलेल्या माणसाचा निवाडा त्याने राहून काय मिळवले यावरच करावा लागतो. देशमुखांना धुरीण म्हणायला माझी हरकत नाही; फक्त ते मुळात आयसीएस अधिकारी होते, मते मागत गावोगाव हिंडून पुंजी जमवण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही, आणि त्यामुळे ती गमावण्याची भीतीही त्यांना कमी होती, एवढे लक्षात ठेवावे.

राज्य मिळवल्यानंतर धुरीण काय करतो?

मिळालेली सत्ता कोणाकोणाला वाटतो, हे पाहावे. राज्य स्थापन होण्याच्या तोंडावर "हे मराठी राज्य होणार की मराठा राज्य?" असा प्रश्न संपादक ग. त्र्यं. माडखोलकरांनी उघड विचारला होता आणि राज्य मराठी भाषिक सर्वांचे असेल असे उत्तर यशवंतरावांनी दिले होते. उत्तर देणे सोपे असते. त्यामागे काय उभे राहिले, हे जिल्हा परिषदेच्या बाबतीत तपासता येते.

१९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली गेली. देशात त्या वेळी बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींची चर्चा होती आणि त्यांत तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीवर भर होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला, जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवून तिच्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी सुचवला, आणि आमदार-खासदारांना तिचे सभासदत्व नको, अशी शिफारस केली. ही शेवटची शिफारस वाचून थोडे थांबावे. आमदारांच्या पाठिंब्यावर चालणारे सरकार आमदारांनाच सांगत होते की तुमच्या जिल्ह्यातील शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाझर तलाव यांच्या निर्णयात तुम्हाला खुर्ची नाही. कायदा १९६१ चा, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शिक्षकांच्या बदल्यांपासून औषधांच्या खरेदीपर्यंतचे अधिकार मुंबईहून निघून जिल्ह्याच्या गावी आले, आणि आमदाराच्या तोडीचा, लाल दिव्याच्या गाडीत बसणारा एक नवा प्रतिस्पर्धी प्रत्येक जिल्ह्यात तयार झाला.

पुढे याच संस्थांतून साखर, सहकार आणि शिक्षणसंस्था यांच्या जोरावर घराणी उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तसेच नंतरच्या सरकारांनी दिलेले अधिकार हळूहळू परत घेतले, आणि २०२२ पासून काही वर्षे तर बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या कालावधीत कोणत्याही मोठ्या पक्षाने या विषयावर रान उठवले नाही.

मोठ्या योजनेशिवाय धुरीणपण सिद्ध होते का?

होते, आणि कधी कधी ते दोन इंचांत मावते. प्राध्यापक मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या होत्या. लांबच्या प्रवासाला निघालेले कुटुंब होल्डॉल पसरून, त्यावर सतरंजी आणि चादर टाकून रात्र काढत असे, आणि सकाळी पाठीवर फळ्यांच्या फटींचे वळ मोजत असे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवण्याचे काम सुरू केले. यात क्रांती नाही आणि उद्घाटनाची फीतही नाही. रेल्वेमंत्र्यांच्या अंदाजपत्रकात आपल्या मतदारसंघासाठी नवी गाडी मागण्याची रीत असताना, ज्यांच्या मतांचा हिशेब कोणत्याही एका मतदारसंघात करता येत नाही अशा फिरत्या माणसांसाठी केलेला तो खर्च होता.

कोकण रेल्वेची कथा याहून बोलकी आहे. १९८९ च्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवले गेले. दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरहून लोकसभेवर गेले होते. १९९१ मध्ये त्याच राजापूरने त्यांना पाडले. संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला तो १९९८ मध्ये.

हरलेला माणूस धुरीण ठरू शकतो का?

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक केंद्रीय कायदे मंडळात मांडले. मागणी अगदी माफक होती: सहा ते दहा वर्षांची मुले, स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथेच, आणि सरकारच्या परवानगीने. सरकारी सभासद विरोधात असणार हे उघड होते. पण जमीनदार आणि काही भारतीय सभासदही विरोधात गेले, आणि मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. आपल्या पिढीने अपयशांच्या रूपानेच देशाची सेवा करायची आहे, अशा आशयाचे उद्गार गोखल्यांनी त्या वेळी काढले होते, आणि ते रडगाणे नव्हते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट याहून कठोर आहे. हिंदू संहितेचे विधेयक रखडवले गेले, म्हणून आणि अन्य काही कारणांसाठी, त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते हरले. ज्या स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी ते विधेयक होते, त्यांचा एकगठ्ठा मतदारसंघ नव्हता आणि आजही नाही. विधेयकाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. घटनेचा मसुदा लिहिणारा माणूस स्वतंत्र भारतात लोकसभेवर एकदाही निवडून आला नाही, ही नोंद मतदारांच्याही खात्यावर जाते.

लोकमताच्या विरुद्ध जाणे म्हणजेच धुरीणपण का?

तसे समजणे धोक्याचे आहे, कारण मग प्रत्येक हटवादी माणूस स्वतःला धुरीण म्हणवून घेईल. कधी कधी स्वतःचे मत बाजूला ठेवून लोकांचा कौल पाळणे हीच पदरमोड असते. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या कार्यक्रमावरच सत्तेत आला होता आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे विधानसभेत बहुमत होते. प्रश्न विधानसभेत न सोडवता थेट जनतेपुढे न्यावा, हा आग्रह डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून सरकारने आधी पायउतार व्हावे, हीही मागणी झाली आणि बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. आयुष्याचा मुख्य कार्यक्रम ३४,०२१ मतांनी हरलेल्या या माणसाने निकालावर कज्जे-खटले मांडले नाहीत. काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि जे वेगळे गोवे त्यांना नको होते त्याचा कारभार त्यांनी १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत केला, खेडोपाडी शाळा काढल्या. त्या मतदारांच्या शहाणपणाविषयी मला त्या नेत्यांइतकाच आदर वाटतो: कौल जिंकलेल्या पक्षाला त्यांनी विरोधी बाकांवर बसवले, आणि हरलेल्याला सत्ता दिली.

धुरीणाला प्रसिद्धी लागते का? पडद्याआडचा माणूस धुरीण असतो का?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या कोणीही आपली पगाराची पावती काढून पाहावी. बहुतेकांना कपातीच्या रकान्यात दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत ३००, अशी "व्यवसाय कर" नावाची रक्कम दिसते. हा कर १९७५ मध्ये लावला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी: शहरातील पगारदाराने दुष्काळी गावातील मजुराच्या कामाला हातभार लावावा, आणि सरकारने त्यात आपली भर घालावी, असा त्याचा मूळ हिशेब. या योजनेची कल्पना सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांची. ते १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे मंत्री नव्हते, त्यांच्याकडे खाते नव्हते आणि निधीही नव्हता. त्यांनी आधी तासगाव तालुक्यात प्रयोग करवला, मग मुख्यमंत्र्यांचा पिच्छा पुरवला. १९७२ च्या दुष्काळाने त्या कल्पनेला जमीन मिळवून दिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वसंतराव नाईकांपासून मोजले तर एवढ्या काळात चार मुख्यमंत्री झाले, आणि त्यांतील शेवटचे निराळ्या आघाडीचे होते. योजना मात्र कोणी गुंडाळली नाही. विरोधी पक्षांनी तिला पाठिंबा दिला आणि मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढून तिची अंमलबजावणी करवून घेतली. हजेरीपटावरील खोटी नावे, न झालेले खडीचे ढीग, हे सारेही त्या योजनेत होतेच. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. पाग्यांचे नाव आज किती पगारदारांना ठाऊक आहे, हे आपल्याच कचेरीत विचारून पाहावे.

धुरीण निष्कलंक असावा लागतो का?

नाही. यशवंतराव आणीबाणीत केंद्रीय मंत्री होते आणि गप्प राहिले. १९७९ मध्ये अल्पायुषी सरकारात उपपंतप्रधान झाले आणि पुढे इंदिरा गांधींच्या पक्षात परतले तेव्हा त्यांच्या निष्ठावंत अनुयायांनाही ते समजावून सांगता आले नाही. प्रतापगड आणि जिल्हा परिषदा यांच्यामुळे हे मौन क्षम्य ठरत नाही, आणि या मौनामुळे जिल्हा परिषदा पुसल्याही जात नाहीत.

चूक झाली तर धुरीणाने कसे वागावे, याचे जुने उदाहरण पुन्हा गोखल्यांचेच आहे. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या तपासण्यांत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी मित्रांच्या पत्रांच्या आधारे इंग्लंडमध्ये केले. परतल्यावर पुरावे मागितले गेले, पत्रे लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छीथू झाली. माझ्या मते आरोपांत तथ्य असणे पुष्कळ शक्य होते आणि माफीची भाषा गरजेपेक्षा जास्त नमती होती. पण मित्रांची नावे उघड करून स्वतःला सोडवून घेण्याची वाट त्यांना मोकळी होती, आणि ती त्यांनी धरली नाही.

वक्तृत्व आणि विद्वत्ता यांचे काय?

असल्यास उत्तम. दोन्ही नसलेल्यांनी राज्ये नीट चालवल्याचे आणि दोन्ही असलेल्यांनी ती बुडवल्याचे दाखले भरपूर आहेत.

आजच्या नेत्यांपैकी धुरीण कोणाला म्हणता येईल?

येथे हयात व्यक्तींची नावे दिलेली नाहीत, आणि यामागे भिडेपेक्षा पद्धतीचे कारण अधिक आहे. पदरमोड खरी होती की गुंतवणूक होती, हे बहुधा तो माणूस खेळातून बाहेर पडल्यावरच कळते. शिवाय आपल्याकडे हयात नेत्याला ही पदवी दिली की तिचे रूपांतर फलकात व्हायला आठवडा लागत नाही. राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो नेत्यांपेक्षा अनुयायांना उद्देशून होता.

मग मत देताना मतदाराने काय पाहावे?

उमेदवार दारात येतो तेव्हा त्याच्या भावी योजना विचारण्यात फार वेळ घालवू नये, त्या छापील पत्रकात असतातच. त्याने आजवर स्वतःच्या पक्षाला, जातीला किंवा मतदारसंघाला न आवडणारी कोणती गोष्ट केली किंवा म्हटली, आणि त्याचे त्याला काय भोगावे लागले, हे विचारावे. आधीच्या आमदाराने सुरू केलेले, पण अपुरे राहिलेले कोणते काम त्याने त्या आमदाराच्याच नावासकट पुरे केले, हेही विचारावे; पाण्याच्या टाकीवरचा जुना नामफलक जागेवर आहे की रंगवून टाकला आहे, हे तर विचारावेही लागत नाही. आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत तो खाली बसून किती वेळ ऐकतो, हे दोन-तीन सभांना हजर राहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी आपल्यालाही त्या सभांना जावे लागते, आणि बहुतेक गावांत कोरमअभावी ग्रामसभा तहकूब झाल्याची नोंद इतिवृत्तात आढळते.